दयानंदची बंद वाघीण

मुळशीत उरवड्याच्या ज्या कारखान्यात नम्रता ओव्हाळ कामाला होती, तिथं टेम्पोला लागणारे लोखंडी ब्रॅकेट रंगवले जात. अकरा वर्षं ती रंगखात्यात होती. ब्रॅकेट हुकाला टांगायचे, जिथं रंग नको तिथं टेप लावायची, रंग वाळला की ती सोलून काढायची, हे तिचं काम. रंगाची गन पुरुषांच्या हातात. गनवाला सुट्टीवर गेला की मात्र कैलास सुपरवायझर इकडंतिकडं बघून म्हणायचा, "नम्रता, घे गं दोन रॅक मारून." तिनं मारलेल्या रॅकमधला एकही नग परत येत नसे. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यातल्या एका दुपारी ती फाटकाजवळच्या नळावर जेवणाचा डबा धूत होती. तेवढ्यात एक उंच, सडपातळ म्हातारा छत्री मिटत वॉचमनच्या खोलीशी आला. काखेत बुटाचं खोकं होतं. वॉचमननं कैलासला हाक मारली. म्हाताऱ्यानं खोक्याचं झाकण काढलं आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली वस्तू दोन्ही हातांनी बाहेर काढली. मालगाडीचा डबा होता तो. वीतभर लांब, चाकं फिरणारी, चढायच्या शिडीच्या पायऱ्यासुद्धा जागच्या जागी. सगळा पितळेचा, पण अर्ध्या अंगावर तांबूस रंग होता आणि तो कांद्याच्या सालीसारखा सुटून येत होता.

"हे रंगवून हवंय," म्हातारा म्हणाला. "घरी अशा एकोणीस आहेत. मी स्प्रेचा डबा आणून मारून पाहिलं. धरत नाही."

"काका, आमी दिसाला चार हजार नग काढतो," कैलास म्हणाला. "खेळणी न्हाई रंगवत."

"खेळणं नाही हो, वाघीण आहे." म्हातारा रागावला नाही, पण त्याचा आवाज शाळामास्तरासारखा झाला. "रेल्वेत मालाच्या डब्याला वाघीण म्हणतात. भुसावळच्या यार्डात चौतीस वर्षं मी वाघिणी तपासल्या. मी 'फिट' लिहिल्याशिवाय गाडी हलत नव्हती."

कैलास हसला आणि आत जायला वळला. नम्रता ओल्या हातानंच पुढं आली होती. हात पदराला पुसून तिनं वाघिणीच्या कडेचा रंग नखानं उचलला. सबंध पापुद्रा निघाला.

"ही धुतलीच न्हाई," ती म्हणाली. "तेल राह्यलंय अंगावर. पितळंला आपल्या हाताचं तेलबी चालत न्हाई, काका. लोखंड तरी सोसतं."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही रंगवता?"

"ती टेप लावते," कैलास मागे न बघताच म्हणाला.

म्हाताऱ्यानं वाघीण परत फडक्यात गुंडाळली, खोक्यात ठेवली आणि खोकं तिच्या हातात दिलं. "मी विश्राम बऱ्हाटे. भुकूमला मुलाकडे राहतो. ही एवढी बघा जमते का. बिघडली तर बिघडली, मी आधीच बिघडवलीय."

घरी तिनं खोकं उघडलं तेव्हा सासू, गोजराबाई, पुढं सरकून बसली. गोजराबाईनं पौडच्या एका मंगल कार्यालयात वीस वर्षं लग्नातली भांडी घासली होती. पितळ म्हणजे तिचा प्रांत. "चिंच आण," तिनं हुकूम सोडला. "आन् घासल्यावर हात लावू नगस. हात लावलास की उद्या बोटं उठत्यात काळी." थिनरनं जुना रंग उतरवून, साबणाच्या पाण्यात धुऊन, दातांच्या ब्रशानं चिंच लावून नम्रतानं वाघीण अशी लखलखीत केली, की टेम्पो चालवणारा नवरा अमोल म्हणाला, "आता रंग कशाला मारतीस? अशीच झ्याक दिसतीय."

कारखान्यात अॅल्युमिनियमला आधी मारायचा एक प्रायमर होता. डब्याच्या तळाशी उरलेला पेलाभर तिनं कैलासकडून मागून घेतला. विश्रामकाकांनी मुलाकरवी बोटभर तोंडाची गन आणि छोटा कॉम्प्रेसर मागवून दिला. ती गन पेनासारखी धरायची. पहिले तीन दिवस नम्रतानं घरातले जुने स्टीलचे पेले रंगवले. रंग पातळ किती, हात लांब किती, दमट हवेत थांबायचं किती, हे सगळं नव्यानं शिकावं लागलं. चौथ्या दिवशी तिनं वाघीण घेतली.

रंग झाल्यावर काका स्वतः उरवड्याला तिच्या घरी आले. चहा पुढं ठेवला होता, तिकडं बघितलंसुद्धा नाही. चष्मा बदलला, वाघीण उचलली आणि आधी उलटी केली. चाकं, मग चाकांवरच्या स्प्रिंगच्या कमानी, मग ब्रेकचे दांडे, मग दारं. यार्डात खाली वाकून बघायची सवय मोडलेली नव्हती. मग ते म्हणाले, "रिव्हेटचं डोकं न् डोकं दिसतंय. रंगानं काही बुजलं नाही."

"पातळ मारलाय. तीन हात," नम्रता म्हणाली.

"फिट," काका म्हणाले, आणि मग चहा प्याले.

पुढच्या दीड महिन्यात तिनं आठ वाघिणी रंगवल्या. दर रविवारी दुपारी अमोलच्या गाडीवर भुकूमला जायचं, झालेल्या द्यायच्या, नव्या न्यायच्या. काकांच्या खोलीत भिंतभर काचेचं कपाट होतं. कोळशाच्या उघड्या वाघिणी, धान्याच्या बंद वाघिणी, तेलाच्या टाक्या, शेवटी गार्डाचा डबा. सात इकडून तिकडून मिळवलेल्या. एक तर नागपूरच्या भंगारवाल्याकडून, तराजूत पडायच्या आत उचललेली. बाकीच्या बारा त्यांच्या नोकरीतल्या जोडीदारानं, दयानंदनं केलेल्या. दयानंद वर्कशॉपात फिटर होता. दर दिवाळीला एक, असं करत बारा वर्षं त्यानं पितळेचा पत्रा कापून, वितळलेल्या कथलाचा डाख देऊन वाघिणी जोडल्या. काका खऱ्या वाघिणीची मापं आणून द्यायचे आणि हा ती बसवायचा. मग डोळ्यांनी दगा दिला. आता तो भुसावळलाच होता, मुलीच्या घरी.

"ही त्याची शेवटची," काकांनी एक बंद वाघीण काढून दाखवली. "बारा वर्षं झाली हिला. सगळी पितळेची आहे. एक तुकडा दुसरा नाही. मी स्वतः तपासून घेतलीय." हे वाक्य ते पाहुण्यारावळ्यांना नेहमी सांगत असावेत, कारण हेमलताकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "हो हो, आणि धूळ मी पुसते, तेही सांगा."

मारुंजीत ऑगस्टअखेर छोट्या रेल्वेगाड्या जमवणाऱ्यांचा एक मेळावा होता. तिथं ही बंद वाघीण रंगवून न्यायची, असं काकांच्या मनात होतं. नम्रता म्हणाली, "हुईल की."

झालं काय, की मुळशीतला ऑगस्ट. आठ दिवस ऊन नाही. भिंतींना ओल, कपड्यांना वास. रंग मारला तो चार दिवस चिकटच राहिला. मेळावा रविवारी आणि गुरुवार उजाडला, तरी बोट लावलं की ठसा उठत होता. नम्रतानं शुक्रवारी वाघीण डब्यात घालून कारखान्यात नेली. रंगखात्यात वाळवायची मोठी भट्टी होती. साधा रंग ऐंशी अंशावर वाळवायचे, पावडरचा रंग दोनशेवर भाजायचे. सकाळी भट्टी ऐंशीवर होती, हे तिनं स्वतः पाहिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं कुणाला न विचारता दार उघडलं, वाघीण कोपऱ्यातल्या जाळीवर ठेवली, वीस मिनिटं धरली. आकडे दाखवणारी पाटी भट्टीच्या पलीकडच्या अंगाला होती. तिकडं ती गेली नाही. मधल्या वेळात पावडरचा माल लागला होता आणि भट्टी दोनशेवर चढवली होती.

तिनं दार उघडलं तेव्हा जाळीवर वाघीण नव्हती. पत्रे होते. छप्पर एकीकडे, भिंती दोन बाजूंना पडलेल्या, चाकं जाळीतून निसटून खाली गेलेली. रंग करपून काळा झाला होता. पितळ वितळलं नव्हतं. पितळ दोनशेला दाद देत नाही. पण ज्या डाखानं ते सगळं एकत्र धरलं होतं, तो कथिल-शिशाचा डाख पाण्यासारखा वाहून गेला होता. त्याचे थेंब जाळीखाली थिजून पडले होते.

हातमोजे घालून तिनं एकेक तुकडा वेचला. चाकं काढायला भट्टीत अर्धी वाकली तेव्हा कैलासनं पाहिलं. खासगी वस्तू भट्टीत घातली म्हणून लेखी ताकीद मिळाली आणि सोमवारपासून पॅकिंगमध्ये बदली. ती मान खाली घालून "व्हय" म्हणाली. तिचं लक्ष तिथं नव्हतंच.

संध्याकाळी ती एकटीच बसनं भुकूमला गेली. काकूंनी दार उघडलं. काका टेबलापाशी मेळाव्याला न्यायच्या वाघिणींना फडकी गुंडाळत होते. नम्रतानं स्टीलचा डबा त्यांच्यापुढं ठेवला आणि झाकण काढलं.

"माझ्या हातनं झालं, काका. भट्टीत ठिवली. आकडा बघितला न्हाई."

काकांनी डब्यात पाहिलं. हात घातला नाही. 

"किती अंश?"

"दोनशे."

"डाख एकशे ऐंशीच्या पुढे सुटतो," ते म्हणाले. जणू तिसऱ्याच कुणाला सांगत होते. "मी सांगायला हवं होतं. तुम्हाला कुठून माहीत असणार." मग त्यांनी झाकण लावलं. "राहू दे इथं. तुम्ही जा आता. उशीर होईल."

ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. काकूंनी चहाचं विचारलं, पण ती थांबली नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती सबंध वाट रडली. शेजारच्या बाईनं विचारलं, "कोन वारलं का?" 

रविवारी काका मेळाव्याला गेले नाहीत, हे तिला काकूंच्या फोनवरून कळलं. त्यांनी पुढची वाघीण न्यायलाही बोलावलं नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. पॅकिंगमध्ये खोकी चिकटवताना नम्रताच्या डोळ्यांपुढं ती जाळी यायची.

गोजराबाईनं दोन आठवडे पाहिलं आणि मग तोंड उघडलं. "म्हाताऱ्याचं मोडलंस तर भरून दे."

"कशानं भरू? दुकानात मिळतं व्हय ते?"

"न्हाई मिळत तर हातानं भर. हात हायेत की न्हाई?"

त्या रविवारी ती न विचारताच भुकूमला गेली. काका टेबलाशी होते. समोर तापलेली डाखणी, म्हणजे डाख द्यायची सळई, आणि तेच पत्रे. दोन भिंती जोडायची खटपट चालली होती. हात थरथरत होता, डाख गोळा होऊन घरंगळत होता, डाव्या हाताच्या दोन बोटांना पट्ट्या होत्या. काकू दारातूनच म्हणाल्या, "बघ गं बाई. रोज हेच चाललंय. सांगून ऐकत नाहीत."

नम्रतानं एक पत्रा उचलला. "काका, ह्याच्यावर करपल्याला रंग तसाच हाय. घाणीवर डाख बसायचा न्हाई. आधी उतरवाय पायजे. मी नेते. धुऊन आणते."

तिच्या हातात ते परत द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे तिला दिसत होतं. शेवटी त्यांनी कागदावर यादी केली, एकेक तुकडा मोजून डब्यात टाकला. "एकेचाळीस आहेत. सगळे परत यायला हवेत."

"येतील."

घरी अंगणात परातीत थिनर ओतून ती आणि गोजराबाई बसल्या. तुकडे उजळत गेले. छप्पर, भिंती, दारं. वाघिणीचा तळ म्हणजे एक लांबट पत्रा होता. त्याच्या आतल्या अंगाला मूळचाच काळा रंग मारलेला होता. तो सुटायला वेळ लागला. सुटला तेव्हा गोजराबाईनं चिंच लावली, घासलं, पुन्हा घासलं आणि थांबली.

"हे पितळ न्हाई."

"कसं न्हाई?"

"बघ की. डब्याचा पत्रा हाय हा. अगं, ही गाय बघ."

खरंच गाय होती. अर्धी. मागचे पाय कातरीत गेले होते. गाईच्या वर हिरव्या अक्षरात 'शुद्ध तू' एवढं शिल्लक होतं. खालच्या बाजूला पितळेच्या पट्ट्या बसवल्यामुळं बाहेरून काही कळायचं कारण नव्हतं, आणि बंद वाघिणीच्या आत कोण बघतो?

काकांनी एकेचाळीस तुकडे मोजून दिले होते. सगळी पितळेची, एक तुकडा दुसरा नाही, असं ते जगाला सांगत होते. आता ती हा पत्रा घेऊन जाणार आणि म्हणणार, की हा आतूनच निघाला. कोण खरं मानेल? पितळेचा पत्रा ठेवून घेतला आणि डबा कापून दिला, असंच वाटेल. आधी जाळली, वर ही लबाडी.

अमोल म्हणाला, "सोप्पं हाय. परत काळा रंग मार आन् देऊन टाक. बारा वर्सं कळलं न्हाई, आता काय कळतंय."

ते सोपं होतं खरं. काळा रंग घरात होता. तिनं डबी हातात घेतली, झाकणही उघडलं. पण डोळ्यांपुढं काका आले. वाघीण उचलली की आधी उलटी करणारे. आज ना उद्या त्यांच्या लक्षात आलं, तर? आणि नाही आलं तरी, आपण त्यांच्यापुढं हे तुकडे मोजून देणार कसे? तिनं झाकण परत लावलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती थेट भुकूमला गेली. चाळीस चकचकीत तुकडे तिनं टेबलावर मांडले आणि एकेचाळिसावा त्यांच्या हातात दिला. "काका, हा असा निघाला. मी काय बदलल्यालं न्हाई. तुमाला खरं वाटंल, न वाटंल. पर असाच निघाला."

काकांनी चष्मा बदलला. पत्रा उजेडाकडं धरला. गाय पाहिली. अक्षरं वाचली. उलटा केला, कडेला राहिलेला डाखाचा जुना माग बोटानं चाचपला. पत्रा मूळचाच आहे हे सांगणारा तो माग तिनं आदल्या दिवशी पाहिला नव्हता. त्यांच्या कपाळावरची शीर उठून दिसायला लागली. नम्रता उभीच होती.

त्यांनी फोन उचलला. आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पलीकडं बराच वेळ वाजत राहिलं.

"दया, मी विश्राम."

"बोल ना भो."

"शेवटची बंद वाघीण. तिचा तळ कशाचा आहे?"

पलीकडून एक बारीक खोकला आला. मग दयानंद असा हसायला लागला, की फोन टेबलावर गुरगुरला.

"आता कळलं का तुला? अरे, बारा वर्षं झाली! मी म्हटलं, हा मरेपर्यंत काही ओळखत नाही."

"कशाचा आहे ते सांग."

"तुपाच्या डब्याचा. त्या साली पत्रा संपला होता, कुठं मिळेना, आणि दिवाळी दोन दिवसांवर. तू रोज संध्याकाळी येऊन विचारायचा, झाली का, झाली का. मग तुझ्याच घरून फराळ आला होता ना डब्यातून, वहिनींनी पाठवलेला, तोच कापला. तू आला, उलटी केली, सुलटी केली, बॅटरी मारली, आणि म्हणाला, फिट. मग मी कशाला बोलू?"

काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या होत्या. "म्हणजे तो माझा तुपाचा डबा? मी अख्खी दिवाळी शोधत होते तो!"

विश्रामकाकांनी पत्रा खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर टेकले. नम्रताला वाटलं, आता ते चिडतील. पण त्यांचे खांदे हलायला लागले. आवाज नव्हता, नुसते खांदे. मग आवाज फुटला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ते हसले. "चौतीस वर्षं," ते म्हणत होते, "चौतीस वर्षं लोकांच्या वाघिणी पास केल्या रे मी," आणि पुन्हा हसत होते. पलीकडं दयानंदही हसत होता. काकूंनी पदर तोंडाला लावला होता. नम्रता मात्र एकदम खुर्चीत बसली.

हसणं ओसरल्यावर काकांनी मित्राला सगळं सांगितलं. भट्टी, दोनशे अंश, सुटलेले पत्रे. दयानंद म्हणाला, "मग तिलाच जोडायला सांग. मी फोनवर आहे. आणि तो तळ बदलू नको हां. तो तसाच लाव."

"तसाच लावणार," काका म्हणाले.

त्यानंतरचे चार रविवार त्यात गेले. आधी नम्रता पितळेच्या कातरणांवर शिकली. कडा घासायची, आम्लाचा थेंब लावायचा, डाखणी ठेवायची आणि घाई करायची नाही. फोनवरून दयानंद विचारायचा, "धावला का?" म्हणजे डाख फटीतून आपणहून पळत गेला का. सुरुवातीला तो धावायचा नाही, गोळा व्हायचा. तिसऱ्या रविवारी धावला. चांदीच्या रेघेसारखा भिंतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेला आणि तिच्या तोंडून "आई गं!" निघालं. कुठला तुकडा कुठं, हे काका सांगत. ब्रेकचा दांडा, त्याची बिजागरी, बफरची टोपी. डोळे मिटून सांगत. एका दाराची कडी मात्र दोघांकडूनही तिरकी बसली. ती काढून परत लावायचा काकांनी धीर केला नाही. म्हणाले, "यार्डात शंभरातल्या नव्वद तिरक्याच असतात."

नोव्हेंबर लागला तेव्हा ऊन होतं. रंग दोन दिवसांत वाळला. वाघिणीवरचे आकडे काकांच्या मुलानं बारीक कागदावर छापून आणले होते. पाण्यात भिजवून ते तिनं चिमट्यानं बसवले.

कारखान्यात दसऱ्यापासून ती परत टेप लावायला आली होती. गन काही तिला मिळाली नाही. गनवाला सोडून गेला तेव्हा कैलासनं बाहेरून नवा माणूस आणला. तिला वाईट वाटलं, पण पूर्वी वाटलं असतं तेवढं नाही.

डिसेंबरात मारुंजीच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये पुन्हा मेळावा भरला. काकांनी नम्रताला बरोबर नेलं आणि टेबलामागं आपल्या शेजारी बसवलं. येईल त्याला ते आता वेगळं सांगत होते. "बंद वाघीण. भिंती पितळी, तळ तुपाच्या डब्याचा. घडवली दयानंदनं, दुसऱ्यांदा जोडली ह्या नम्रताताईंनी." लोक हसत आणि वाकून बघत.

निषाद नावाचा हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण बराच वेळ रेंगाळला. त्याच्याकडं परदेशातून आणलेल्या, कोऱ्या पितळेच्या अमेरिकन वाघिणी होत्या. "खरं तर कलेक्शन करणारे लोक रंग मारू देत नाहीत," तो म्हणाला. "कोरी ठेवली तर व्हॅल्यू राहते म्हणतात. पण मला कपाटात सोनं नकोय, गाडी हवीय. तुम्ही कराल? फक्त एक अट, मला ती नवी दिसायला नको. मळकी हवी. गंज, धूळ, पाण्याचे ओघळ."

"नवी वस्तू घाण करायची?" नम्रतानं विचारलं.

"घाण नाही. वापरलेली."

तिनं काकांकडं पाहिलं. "काका, ते कसं दिसतं ते मला म्हाईत न्हाई. मी मालगाडी लांबनंच बघितलीय. पुलावरनं जाताना."

काका तिच्याकडं बघतच राहिले. नऊ वाघिणी रंगवल्या, एक जोडली, आणि खरी जवळून पाहिलेलीच नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मुळशीत रेल्वे नाही, म्हणजे हिनं बघायची तरी कुठं?

पुढच्या रविवारी सकाळी अमोलनं टेम्पो काढला. काका पुढं बसले, नम्रता आणि गोजराबाई मागं, चांदखेडवरून तळेगावला. गोजराबाईचं काही काम नव्हतं, पण ती म्हणाली, मीबी येणार. फलाटाच्या शेवटी बाकावर बसून त्यांनी भाकरी खाल्ली. दोन लोकल गेल्या, एक एक्सप्रेस गेली. मालगाडीला वेळापत्रक नसतं, काका म्हणाले, ती येईल तेव्हा येईल.

साडेअकराला ती आली. सिग्नल नसल्यामुळं हळू होत होत फलाटापाशीच थांबली. नम्रता उठून कडेपर्यंत गेली. समोर वाघीण होती, घराएवढी उंच. तिनं छोट्या वाघिणींना मारलेला तोच तांबूस रंग कुठं कुठंच शिल्लक होता. दारांच्या बिजागरीखाली गंजाचे लांब ओघळ होते, वर अरुंद, खाली पसरत गेलेले. चाकांपासून कमरेपर्यंत करडी धूळ. जिथं माणसं शिडीला पाय देतात, तिथं मात्र लोखंड घासून चकाकत होतं. तिनं फोन काढून फोटो घेतले. मग फोन पिशवीत ठेवला आणि नुसतं बघत राहिली, कारण फोटोत तो रंग तसा येत नव्हता.

"काका, गंज वरनं मारायचा न्हाई," ती म्हणाली. "तो आतनं आल्यासारखा दिसाय पायजे. म्हंजी गंज आधी मारायचा, आन् रंग त्याच्यावर. मग रंग थोडा खरवडायचा."

काका खाली वाकून चाकाजवळ बघत होते. "हं," ते म्हणाले. "आणि ही चाकावरची कमान बघा, तडकलीय. पुढच्या यार्डात कुणीतरी ही वाघीण अडवणार."

गाडी धक्का देऊन हलली. नम्रतानं मोजायला सुरुवात केली, पण विसाच्या पुढं ती मोजायची विसरली. गोजराबाई बाकावरून ओरडून विचारत होती, "किती हायेत गं?"